पाच नंबरचा मोजा

सोमवार, ३ मार्च

भिंगांच्या कंपनीने यंदाही डायरी पाठवली. दरवर्षी ती फोनशेजारी पडून राहते आणि तिच्यावर चहाच्या कपांचे गोल उमटतात. यंदा उचलून खोलीत आणली. आज घरात जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि सांगण्यासारखा माझा एकच मित्र, सुतार. त्याला सांगणं म्हणजे गावभर भोंगा लावणं.

तर झालं असं. धाकटीला तिच्या जुन्या साहेबांचा फोन आला. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. गेल्या वर्षी एक दिवस घरी आली, बॅग ठेवली आणि म्हणाली, ‘‘मी नोकरी सोडली. मी बिअर करणार.’’ तेव्हापासून आमच्या मागच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी पिंपं उभी आहेत आणि गाडी रस्त्यावर भिजते.

साहेबांनी नवी प्रयोगशाळा उघडलीय, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे हिला प्रमुख करतो म्हणतात. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचंय.

मी म्हटलं, ‘‘जा की. मान आहे, पगार आहे. पिंपं काय, विकून टाकू. मला काय फरक पडतो?’’

आई उठून गॅस बंद करून आली. गॅस आधीच बंद होता.

गुरुवार, ६ मार्च

धाकटीने आज जेवताना फर्मान काढलं.

ती म्हणते, दोन्ही डगरींवर हात ठेवून आता कंटाळा आला. बिअर चांगली झाली असेल तर राहायचं, नसेल तर गुमान नोकरीवर जायचं. पण चांगली झालीय की नाही हे सांगणार कोण?

‘‘आम्ही सांगतोय ना,’’ मी म्हटलं.

‘‘तुम्ही? आईला मी विष दिलं तरी म्हणेल, छान झालंय, जरा साखर हवी होती. आणि तू प्रत्येक वेळी एकच बोलतोस. ‘कडू आहे.’’’

मग कडूला कडू नाही तर काय म्हणायचं? तिच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त असतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडं. ती घातली की बिअर कडू होते आणि तिला वास येतो. कुणाला त्यात संत्र्याची साल येते, कुणाला ओलं गवत, कुणाला पाइनचं लाकूड. मला औषधाची बाटली येते. पण मी चष्मेवाला माणूस, माझं काम डोळ्यांचं, जिभेचं नाही.

तर ठरलं असं की पाच बिअर आणायच्या, सगळ्या अशाच हॉप्सवाल्या. चार बाजारातल्या, एक तिची. कुठली कुणाची हे चाखणाऱ्यांना कळता कामा नये. तिची पहिल्या दोनात आली तर ती राहणार, नाही आली तर जाणार. आणि चाखताना ती घरात थांबणार नाही, कारण तिच्या चेहऱ्यावरून आंधळ्यालाही कळेल.

‘‘दादा, आयोजन तुझ्याकडे. पण शपथेवर सांग, लबाडी करायची नाही.’’

मी शपथ घेतली. मी कशाला लबाडी करू? ती राहिली काय, गेली काय, मला काय फरक पडतो? वरची खोली रिकामी झाली तर चष्म्यांच्या फ्रेमची खोकी ठेवता येतील. कितीतरी दिवस जागा शोधतोय.

शनिवार, ८ मार्च

पद्धतशीर कामाचं मला वेड आहे. दिवसभर मी दुसरं करतो काय? माणसाला खुर्चीत बसवायचं, भिंग लावायचं, विचारायचं, ‘पहिलं बरं की दुसरं?’ आणि लोक किती खोटं बोलतात ते मला विचारा. दुसरं नंतर येतं म्हणून दुसरं बरं म्हणतात. त्यासाठी मी अधूनमधून तेच भिंग दोनदा लावतो. परवा एक वकील म्हणाले, ‘‘अहाहा! दुसऱ्याने सगळं लख्ख दिसलं.’’ भिंग तेच होतं. मी मान डोलावली. वकिलाशी कोण वाद घालणार!

चाखणारे तिघं. सुतार, माझा शाळासोबती. दुकानातली सगळी कपाटं त्याचीच. मनात येईल ते फाडकन बोलतो. दुसरी दातांची डॉक्टर, माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना. ती आमची वाइन, चीज, कॉफी सगळ्यातली जाणकार, निदान तिचं तरी तसं म्हणणं आहे. तिसरा तिचा नवरा. त्याला आम्ही होयबा म्हणतो, आणि तो त्यालाही हो म्हणतो.

बाटल्या झाकायला मोजे वापरायचे ठरवलं. प्रत्येक बाटलीला एक लोकरीचा मोजा, मोज्यावर दुकानातला नंबराचा स्टिकर. सुतार म्हणाला, ‘‘धुतलेले ना रे?’’

बुधवार, १२ मार्च

कोपऱ्यावरच्या पबची मालकीण आज चष्मा बसवून घ्यायला आली होती. मी सहज विषय काढला. ती म्हणाली, ‘‘तुमच्या बहिणीची बिअर मी एकदा चाखलीय. वाईट नाही. पण माझ्याकडे बिअरचे नळ मोजके. एका नळावर कुणाला तरी काढून तुमची लावायची तर तशीच जबरदस्त हवी.’’ म्हणजे इथे अडलंय. नळ मिळाला तर धंदा, नाही तर गॅरेजमधला खेळ.

संध्याकाळी घरी आलो तर धाकटी गॅरेजात पिंप घासत शिट्टी वाजवत होती. तिची शिट्टी भयंकर बेसूर आहे. ती कारखान्याजवळ खोली घेऊन राहायची, ती काही वर्षं घरात मी आणि आई दोघंच होतो. फ्रिज चालू झाला की दचकायला व्हायचं. ही आली आणि घरात रोज भांडणं सुरू झाली, न्हाणीघरावरून, टीव्हीवरून, कशाहीवरून.

हे मी का लिहितोय कोण जाणे. विषय बिअरचा आहे.

शुक्रवार, १४ मार्च

आता इथे खरं लिहितो, कारण डायरी कुणी वाचत नाही.

क्रमाला फार महत्त्व असतं. हे मला खुर्चीतल्या माणसांनी शिकवलंय. धूसर भिंगानंतर कुठलंही भिंग लावा, माणूस खूश होतो. आणि चार-पाच भिंगं झाली की डोळा थकतो, मग उत्तमातलं उत्तम लावलं तरी ‘ठीक आहे’ म्हणतो. जिभेचंही तसंच असणार.

तर पहिली ठेवायची ती सुपरमार्केटातली पाणचट, जिच्यात हॉप्स नुसत्या दाखवून काढून घेतल्यासारख्या वाटतात. लगेच दुसरी धाकटीची. तिसरी आणि चौथी अशाच मधल्या. आणि जिची खरी भीती आहे ती, नदीपलीकडच्या कारखान्याची नामांकित, बक्षिसंबिक्षिसं मिळवलेली, ती पाचवी. तोवर जिभा बधिर.

ही लबाडी नव्हे. कुठली तरी बिअर दुसरी येणारच होती ना? मग धाकटीची का नको? शपथ मी लबाडी न करण्याची घेतली होती, क्रम न लावण्याची नाही.

तरी रात्रीचं जेवण नीट गेलं नाही. आईने विचारलं, ‘‘पोट बरं नाही का?’’ म्हटलं, हो.

शनिवार, १५ मार्च

तयारी जोरात. सगळ्या बाटल्या बादलीत भिजवून लेबलं खरवडली, म्हणजे मोजा घसरला तरी पंचाईत नको. धाकटी त्या नदीपलीकडच्या कारखान्याच्याच रिकाम्या बाटल्या गोळा करून धुऊन वापरते, त्यामुळे तिची आणि त्यांची बाटली आता जुळ्या बहिणींसारखी. मी लगेच दोघींना मोजे चढवले. दोन नंबर धाकटी, पाच नंबर नदीपलीकडची. पाठ करून ठेवलंय, दोन धाकटी, पाच नदी.

ओतायला कोण? मी ओतलं तर माझा चेहरा मला फितूर होईल. म्हणून आईला नेमलं. ती स्वयंपाकघरात टोपणं उघडून ओतेल, मी फक्त ट्रे नेईन. आईएवढं निःपक्षपाती घरात कुणी नाही. तिला बिअरमधलं कळत नाही, आणि टोपणावरचं वाचायला ती चष्मा लावत नाही. चष्मेवाल्याची आई आणि चष्मा कपाळावर! चार वर्षं झाली, डोळे तपासून घे म्हणतोय. ‘‘मला सगळं दिसतं,’’ म्हणते आणि साखरेऐवजी मीठ घालते.

मोजे घातलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये दोन ओळींत ठेवल्या. आईने दार उघडलं आणि किंचाळली. ‘‘अरे, हे तुझे दुकानात जायचे मोजे! ओले होऊन कुबट वास येईल त्यांना!’’

‘‘एका दिवसाचा प्रश्न आहे, आई. हात लावू नकोस.’’

‘‘मी कशाला हात लावतेय,’’ आई म्हणाली.

रविवार, १६ मार्च

जिंकलो! जिंकलो! म्हणजे ती जिंकली. सगळं सविस्तर लिहितो.

धाकटीला सकाळीच दुकानाच्या किल्ल्या देऊन तिकडे बसवलं. जाताना ती म्हणाली, ‘‘काय असेल ते फोनवर नको सांगूस. मी येईन आणि तू माझ्याकडे बघून सांग.’’ हात गार पडले होते तिचे.

अकराला मंडळी जमली. डॉक्टर नुसतं पाणी पिऊन आली होती, म्हणे जीभ कोरी हवी. होयबाही कोरी जीभ घेऊन आला होता. सुतार भरपेट नाश्ता करून आला होता आणि ढेकर देत बसला. मधे खायला साधा पाव, प्यायला पाणी, गुण लिहायला माझ्या दुकानातल्या चिठ्ठ्यांचे कोरे कागद. दहापैकी गुण आणि एक ओळ शेरा.

आई स्वयंपाकघरातून ओतत होती, मी नेत होतो. छोटे ग्लास, दोन-दोन घोट. पहिलीला डॉक्टर म्हणाली, ‘‘ही बिअर आहे की बिअरच्या ग्लासाचं धुणं?’’ होयबा म्हणाला, ‘‘धुणंच.’’ मी मनात म्हटलं, शाब्बास.

दुसरी आली आणि सगळ्यांच्या भुवया वर. ‘‘ही बघ! वास बघ! संत्रं! अननस!’’ सुतारही सरळ होऊन बसला.  दोन नंबर मला धाकटीच्या नेहमीच्या रंगापेक्षा जरा जास्त पिवळी वाटली, पण खिडकीतून ऊन येत होतं, आणि उन्हाचे खेळ मला कुणी शिकवायला नकोत.

तिसरी-चौथी आल्या गेल्या. पाचवीपर्यंत तिघांची तोंडं वाकडी झाली होती. पटापट गुण लिहिले, पेन्सिली टाकल्या.

मग माझ्याही डोक्यावरचं ओझं उतरलं. उरलेल्या बाटल्या मोज्यांसकट टेबलावर आणून ठेवल्या आणि म्हटलं, घ्या काय हवं ते, मी बेरीज करून येतो. एक गंमत झाली. फ्रिजमधून काढलेल्या बाटल्या, पण मोजे कोरडे ठणठणीत. दोन आणि पाच नंबरचे तर हाताला चक्क कोमट लागले. बाटल्या मात्र गार. फ्रिजमध्ये काहीतरी बिघाड आहे. माणूस बोलवायला हवा.

बाहेर त्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. डॉक्टर म्हणे, दोन नंबरसारखी बिअर तिने परदेशातसुद्धा प्यायली नाही. सुतार म्हणे, एवढा वास तर मी फर्निचरला पॉलिश करतो तेव्हाही येत नाही. बोलता बोलता ग्लास भरत होते, रिकामे होत होते. मी मधेच जाऊन पाच नंबरची बाटली उचलून आणली, तळाशी एक ग्लासभर उरलं होतं. शेवटचा नंबर बिचारा, कुणी विचारत नाही, फुकट कशाला घालवायचा? आणि बेरजेला घसा ओला हवा. बेरीज दोनदा केली आणि तेवढ्यात ग्लास संपला. आणखी असती तर घेतली असती, पण बाटली पिळली तरी थेंब नव्हता.

निकाल. दोन नंबर पहिली, तिसापैकी पंचवीस. पाच नंबर शेवटची, त्या पाणचटाच्याही खाली! नदीपलीकडच्यांना सांगायला हवं, ठेवा तुमची बक्षिसं गुंडाळून. शेरे पण वाचण्यासारखे. पाच नंबरवर डॉक्टर लिहिते, ‘कडू. लक्षात राहण्यासारखं काही नाही.’ होयबा, ‘सहमत.’ सुतार, ‘काय लिहू? चव बघायच्या आत संपली.’ दोन नंबरवर मात्र दोन-दोन ओळींची स्तुती.

धाकटी आली. दारातच उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर करून ओरडलो. ‘‘पहिली! अगं, पहिली आलीस!’’ टाळ्या, आरडाओरडा. आई पण हात पुसत बाहेर आली. तिच्या बिअरला दोन नंबर होता हे मी धाकटीला सांगितलं, तेव्हा डॉक्टरने बाटली उचलून तिला ग्लासभर ओतून दिली. बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

धाकटीने वास घेतला. एक घोट घेतला. आणि ग्लास खाली ठेवला. आनंदाने माणसाचं असं होतं. मग तिने एकेक बाटली उचलून हलवून बघितली. पाच नंबरची हलवली, उलटी धरली.

‘‘ही कोणी संपवली?’’

सुतार डॉक्टरकडे बघतोय, डॉक्टर सुताराकडे, होयबा दोघांकडे. ‘‘संपली का?’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘मी तर एकदाच घेतली. दोनदा असेल.’’

‘‘शेवटचा ग्लास मी,’’ मी म्हटलं. ‘‘शेवटची आलेली, म्हटलं वाया नको.’’

‘‘तू?’’ धाकटी म्हणाली. ‘‘ग्लासभर?’’

आणि ती हसायला लागली ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी. खुर्चीत बसली, परत हसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोरीने वर्षभर किती ताण सोसला असेल!

ते मोजे आईने लगेच धुवायला नेले.

सोमवार, १७ मार्च

धाकटीने सकाळीच साहेबांना फोन करून नकार कळवला. दार लोटून बोलत होती, पण मला ऐकू आलं. कान देऊन नाही, सहज. ‘‘नाही सर, माझं ठरलं. हो, पूर्ण विचार करून.’’

जीव भांड्यात पडला. तिच्यासाठी म्हणतो मी.

खोकी दुकानातच राहू देत.

गुरुवार, २० मार्च

धाकटी पबच्या मालकिणीला बाटल्या देऊन आली. मी म्हटलं, पंचवीस गुणांचं सांगितलंस ना? म्हणाली, ‘‘नाही. मी एवढंच सांगितलं, चाखू नका. काम संपलं की बसा, पाय वर करा आणि एक पूर्ण ग्लास प्या.’’

धंद्याची अक्कल शून्य. पहिला नंबर आलाय आणि ही सांगत नाही! मी उद्या जाऊन सांगणार होतो, पण तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘‘दादा, तुला माझी शपथ. गुणांबद्दल चकार शब्द नको.’’ विनय बरा, पण इतका?

रविवार, २३ मार्च

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी फ्रिज दुरुस्त करणारा आला होता. सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, साहेब, फ्रिज टकाटक आहे, काय होतंय नेमकं? मी सांगितलं, मोजे कोरडे राहतात. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पैसे देऊन वाटेला लावला.

दुपारी जेवताना आई म्हणाली, ‘‘फ्रिजला काय झालंय? चांगला तर चालतोय.’’

‘‘अगं, त्या दिवशी बाटल्यांचे मोजे कोमट लागले. बिघाडच ना?’’

‘‘इश्श,’’ आई म्हणाली. ‘‘ते मी वाळवले होते.’’

माझा घास तोंडातच.

‘‘मागच्या बाजूचे दोन बर्फाला टेकून चिंब झाले होते. त्या रविवारी मंडळी बसल्यावर काढले, इस्त्री फिरवली, ओतायच्या आधी परत घातले. बाकीचे नुसते पुसले. तूच म्हणाला होतास हात लावू नको, म्हणून बोलले नाही.’’

‘‘कुठले दोन?’’

‘‘मला काय माहीत? दोन्ही बाटल्या सारख्याच होत्या. एकीवर एक घातला, दुसरीवर दुसरा.’’

दोन आणि पाच. कोमट लागलेले दोन आणि पाच. सारख्या बाटल्या दोन आणि पाच.

 म्हणजे पंचवीस गुण मिळाले ते नदीपलीकडच्या बिअरला. म्हणजे शेवटची, पाणचटाच्याही खालची, ती... आणि हिने नकार कळवला. माझ्या शब्दावर! आणि मी क्रम लावला होता. जिभा बधिर झाल्यावर पाचवी बिअर, तो सापळा मी माझ्या हाताने लावला आणि त्यात माझीच बहीण पाडली.  मी धाकटीकडे बघितलं. ती शांतपणे जेवत होती.

‘‘तू साहेबांना फोन कर,’’ मी म्हटलं. ‘‘आत्ताच्या आत्ता. महिना संपलेला नाही. सांग, चूक झाली. सांग, भावाने गाढवपणा केला.’’

‘‘कशाला?’’

‘‘अगं, तुझी शेवटची आली! तू पाच नंबर होतीस!’’

‘‘माहितेय मला.’’

‘‘काय माहितेय?’’

‘‘दादा, मी वर्षभर ती बिअर करतेय. तिचा वास मला कळणार नाही? ग्लास नाकाशी नेला तेव्हाच कळलं की दोन नंबर माझी नाही. मग बाटल्या हलवून बघितल्या.’’

‘‘आणि मग? शेवटची आली हे कळूनही तू...’’

‘‘शेवटची आली,’’ ती म्हणाली, ‘‘आणि फक्त तीच संपली.’’

मी ताट बाजूला सारलं.

‘‘तुम्ही सगळे दोन नंबरचं कौतुक करत बसलात, आणि भांडताना हात पाच नंबरच्या बाटलीकडे. पहिल्या नंबरची बाटली अर्धी टेबलावर तशीच. सुताराने काय शेरा लिहिला होता? चव बघायच्या आत संपली. मला तशीच बिअर करायची होती, दादा. लोकांनी बसून गुण द्यावेत अशी नाही. आणि शेवटचा ग्लास कोणी प्यायला?’’

‘‘मी,’’ मी म्हटलं.

‘‘बेरीज करताना.’’

‘‘हो.’’

‘‘कडू लागली?’’

मला आठवेना. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी ती कडू लागली की गोड, मला काहीच आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की आणखी हवी होती.

मग मी सगळं सांगून टाकलं, क्रमाचं, बधिर जिभेचं, सगळं. ती म्हणाली, तेही तिला माहीत होतं. ‘‘माझ्या लहानपणी पत्ते वाटताना तू मला नेहमी चांगले पत्ते द्यायचास. आणि मग मी जिंकले की रुसायचास.’’

‘‘पण मी सांगतोय पहिली आलीस, आणि तू सगळं जाणून गप्प बसलीस. का?’’

‘‘तू दारात माझ्याकडे बघून सांगत होतास ना, तेव्हा तुझा चेहरा बघितला मी,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं, राहू दे ह्याला दोन दिवस खूश.’’

मी म्हटलं, मला काय फरक... आणि वाक्य पुढे सरकेना. पाण्याचा ग्लास उचलला, तोही रिकामा. उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. रडू आलं, लपवून काय करू. ती राहणार आहे. माझ्या हिशेबाने नव्हे, माझ्या लबाडीने नव्हे, तिच्या स्वतःच्या मर्जीने राहणार आहे. मला फरक पडतो. फार पडतो.

बाहेरून आई ओरडली, ‘‘पाणी वाहतंय रे!’’

शनिवार, २९ मार्च

दोन गोष्टी लिहायच्या आहेत.

पहिली, आईला अखेर खुर्चीत बसवलं. भिंगं लावली, पहिलं बरं की दुसरं, असं करत मधेच सवयीने तेच भिंग दोनदा लावलं. आई म्हणाली, ‘‘हे तर मघाचंच. आईला फसवतोस?’’ इतक्या वर्षांत ही खोडी पकडणारं हे पहिलंच माणूस. नवा चष्मा करायला टाकलाय.

दुसरी, संध्याकाळी आम्ही सगळे पबात गेलो. मालकिणीने नळ दिला. ती म्हणाली, पब बंद करून बसले, पाय वर केले, धाकटीने सांगितलं तसं, आणि एक बाटली कधी संपली कळलंच नाही, मग दुसरी उघडली. फळ्यावर खडूने बिअरचं नाव लिहिलंय. धाकटीला विचारलं काय नाव ठेवायचं, तर ती म्हणाली, ‘पाच नंबर’. सुताराने ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर म्हणाली, तिला पहिल्यापासून शंका होतीच. होयबा म्हणाला, होतीच.

मालकिणीने माझ्यासमोर ग्लास ठेवला आणि काउंटर पुसत थांबली. धाकटी शेजारी, गालावर हात टेकून बघत होती. सुतार काहीतरी सांगत होता, त्याच्या एका गिऱ्हाइकाने कपाटाला दारंच नकोत म्हटलं, आणि आम्ही हसत होतो.

‘‘मग?’’ मालकिणीने विचारलं. ‘‘कशी आहे?’’

‘‘कडू आहे,’’ मी म्हटलं, आणि रिकामा ग्लास तिच्यापुढे सरकवला.